न कापलेली १११ मिनिटं

९ डिसेंबर २०२१ रोजी भोपाळ आणि इंदूर या शहरांत पोलीस आयुक्तालय पद्धत लागू झाली. मकरंद देऊस्कर भोपाळचे पहिले पोलीस आयुक्त झाले आणि कालपर्यंत ज्यांना सीएसपी म्हणत, ते अधिकारी एसीपी झाले. म्हणजे भोपाळमधल्या आमच्या करोंदला, निशातपुरा ठाण्याच्या हद्दीत, खराखुरा एसीपी मिळायला २०२१ साल उजाडावं लागलं. पण एसीपी म्हणजे कोण, हे करोंदच्या पोरासोरांना त्याआधी जवळजवळ चोवीस वर्षं पाठ होतं. तो पांढऱ्या केसांचा असतो, उजवा पंजा हवेत फिरवत विचार करतो आणि त्याच्यामागे दोन भरवशाचे अधिकारी उभे असतात. सरकारी राजपत्राच्या कितीतरी आधी ‘सीआयडी’ या मालिकेनं हे पद आमच्या गल्लीत आणून सोडलं होतं.

आज इथल्या कृषी उपज मंडीत दुपारी लिलाव आटोपले की सावलीला टेकलेले हम्माल मोबाइलवर या मालिकेचे जुने भाग पाहताना दिसतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे भाग, गुन्हेगार कोण हे आधीच माहीत असलेले, तरीही पाहतात. संपादकांनी या मालिकेवर लिहायला सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता. उत्तर माहीत असलेलं कोडं माणूस पुन्हा का सोडवतो?

मालिकेचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर पहिला भाग आला आणि २७ ऑक्टोबर २०१८ रोजी मालिका थांबली. या वीस वर्षांत १,५४७ भाग झाले. २१ डिसेंबर २०२४ पासून दुसरं पर्व सुरू झालं. एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम, अभिजीत म्हणजे आदित्य श्रीवास्तव, दया म्हणजे दयानंद शेट्टी, प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे म्हणजे नरेंद्र गुप्ता. फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं लोक हळहळले. सुरुवातीच्या काळात आशुतोष गोवारीकरही इथे इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून होते, ‘लगान’च्या आधी.

पण या सगळ्यांच्या मागे एक माणूस उभा आहे, आणि मला खरा रस त्याच्यात आहे. बी. पी. सिंग. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकलेला आणि मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत बातम्यांचा कॅमेरामन म्हणून राबलेला माणूस. मालिकांचे निर्माते बहुधा नाटकातून किंवा सिनेमातून येतात. सिंग बातमीतून आले, आणि तिथल्या शिस्तीत माणूस वेगळाच घडतो. घटना तुमच्यासाठी थांबत नाही आणि दुसरा टेक मिळत नाही. त्या काळी बातम्या १६ मिलिमीटरच्या फिल्मवर टिपत. शंभर फुटांचं रीळ तीन मिनिटंही पुरत नसे. कुठे उभं राहायचं, काय टिपायचं आणि काय सोडायचं, हे त्या तीन मिनिटांच्या आत ठरवावं लागे.

मराठी प्रेक्षकाला सिंग ‘सीआयडी’च्या आधीपासून ओळखीचे आहेत, नाव लक्षात नसलं तरी. दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका त्यांचीच. नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक हेच मालिकेचं नाव. शिवाजी साटम त्या मालिकेत होते आणि ‘सीआयडी’ची जोडी तिथेच जमली. मध्य प्रदेशात २०१५ साली ‘डायल १००’च्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा इथल्या मराठी घरांतल्या जाणत्या माणसांना तो आकडा नवा नव्हता. आता त्याची जागा ११२ ने घेतली आहे.

साटम सेंट्रल बँकेत रोखपाल होते. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या मुंबईच्या त्या पिढीतले. त्यांच्या प्रद्युम्नमध्ये तो रोखपाल मला स्पष्ट दिसतो. पुरावा हातात आला की ते तो उलटून पाहतात, बाजूला ठेवतात, पुन्हा उचलतात. हिशेब जुळेपर्यंत घरी जायचं नाही, ही बँकेच्या काउंटरची सवय आहे. आणि त्यांचं हिंदी! भेल कारखान्यात किंवा रेल्वेत नोकरीला म्हणून आलेल्या आणि भोपाळचेच होऊन गेलेल्या मराठी कुटुंबांत आजोबा जसं हिंदी बोलत, तसं ते हिंदी आहे. शब्द हिंदी, हेल मराठी. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला असा आवाज रोज घरात ऐकू येणं ही लहान गोष्ट नाही.

दयानंद शेट्टी थाळीफेकीतले खेळाडू होते, तुळू रंगभूमीवर काम करत होते. तिथून ते थेट या मालिकेत आले आणि दार तोडण्यासाठी देशभर ओळखले जाऊ लागले. २०१४ च्या ‘सिंघम रिटर्न्स’मध्ये त्यांच्याकडून तेच दार पुन्हा तोडून घेतलं, इतकी ती ओळख पक्की झाली होती. दिनेश फडणीस अभिनयाबरोबर काही भागांचं लेखनही करत. श्रीधर राघवन यांच्यासारख्या लेखकाची घडण याच मालिकेच्या कथा लिहिताना झाली. हा सगळा संच कामावर जावं तसा वर्षानुवर्षं चित्रीकरणाला जात राहिला. मालिकेतही या माणसांच्या घरची भांडणं, लग्नं, सासवा क्वचितच दिसल्या. दिसलं ते त्यांचं काम. हिंदी वाहिन्यांवर घराघरांतल्या कारस्थानांचा पूर आलेला असताना ही एक मालिका कचेरीत बसून काम करणाऱ्या माणसांवर चालली. मंडीतला हम्माल उत्तर माहीत असूनही जुना भाग पाहतो, तो याच कारणानं, असं मला वाटतं. कोडं सुटलेलं असतं, पण आपल्या कामात मुरलेली माणसं एकत्र काम करताना पाहणं कधी शिळं होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख मनापासून लिहितो आहे, तिच्याकडे येतो. ७ नोव्हेंबर २००४ रोजी ‘सीआयडी’चा एक विशेष भाग दाखवला गेला. १११ मिनिटांचा, आणि एकाही ठिकाणी न कापलेला. कॅमेरा सुरू झाला तो कथा संपल्यावरच थांबला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

यात अवघड काय, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालतं. १९४८ साली हिचकॉकनं ‘रोप’ हा सिनेमा सलग भासावा म्हणून धडपड केली. रीळ संपत आलं की कॅमेरा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर नेऊन अंधार करायचा आणि तिथे सांधा लपवायचा, अशी युक्ती त्याला करावी लागली. हे बंधन तुटलं ते चित्रण फिल्मवरून निघून टेपवर आणि हार्ड डिस्कवर गेलं तेव्हा. २००२ साली रशियन दिग्दर्शक सोकुरोव्हचा ‘रशियन आर्क’ आला, हर्मिटाज संग्रहालयात एका दमात टिपलेला, दीड तासाहून थोडा मोठा. त्यानंतर दोनच वर्षांनी, दर आठवड्याला भाग देण्याच्या घाईत असलेल्या एका हिंदी मालिकेनं १११ मिनिटं सलग टिपली.

नेहमीच्या चित्रीकरणात चूक झाली की ‘कट’ म्हणतात, दिवे हलवतात, चहा घेतात आणि पुन्हा करतात. सलग चित्रणात कॅमेरा जिथे जिथे वळणार आहे, ती प्रत्येक जागा आधीच उजळलेली असावी लागते, पण दिवा मात्र कुठेच दिसता कामा नये. खोली बदलली की उजेड बदलतो, म्हणजे चालता चालता भिंग कमीजास्त उघडावं लागतं. माईकची सावली भिंतीवर पडली तरी सगळं वाया. कॅमेरा एका खोलीत असताना पुढच्या दृश्यातले नट मागच्या दारानं, पाय न वाजवता, आपापल्या जागी पोचलेले असायला हवेत. शंभराव्या मिनिटाला एखाद्याचं वाक्य अडलं तर आधीचं सगळं मातीत. म्हणजे जबाबदारी मिनिटागणिक वाढत जाते, आणि सर्वांत जास्त भार शेवटच्या वाक्यावर येतो, जेव्हा सगळे सर्वांत जास्त दमलेले असतात.

हे धाडस बातमीच्या कॅमेरामनलाच सुचू शकतं. ज्यानं दुसरा टेक कधी मिळालाच नाही अशी वर्षं काढली, त्यालाच दुसरा टेक नको म्हणण्याची हिंमत होते. सिंग २०१८ च्या डिसेंबरमध्ये, मालिका थांबल्यानंतर थोड्याच दिवसांत, आपल्याच पुण्याच्या संस्थेचे अध्यक्ष झाले.

इतकं कौतुक मनात असल्यामुळेच मला एक काळजी सांगायला हवी. त्याच मालिकेनं आम्हाला आणखीही काही शिकवलं. भाग संपायला दोन-तीन मिनिटं उरली की संशयिताच्या कानाखाली एक बसते आणि तो घडाघडा सगळं कबूल करतो. पडद्यावर खटला तिथे संपतो. न्यायालयात मात्र तो तिथे सुरूही झालेला नसतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ पासून हे असंच आहे आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते तसंच राहिलं. कोठडीत माणसाला कसं वागवायचं याचे दंडक सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिले, मालिका सुरू होण्याच्या वर्षभर आधी. २०२० साली त्याच न्यायालयाला प्रत्येक ठाण्यात आवाजासह टिपणारे कॅमेरे बसवा, असं सांगावं लागलं. कानाखालच्या त्या चपराकीला हॉलमध्ये बसून टाळ्या देणारी एक पिढी वाढली आहे. चोरीच्या संशयावरून कुणा मजुराच्या पोराला ठाण्यात नेलं, तर ‘दोन लगावल्या की बोलेल’ हे वाक्य आज सहज निघतं. याचं पाप एका मालिकेच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, पण त्या वाक्याला रोज खतपाणी मिळत राहिलं, हेही तितकंच खरं.

दुसरी काळजी डॉ. साळुंख्यांच्या प्रयोगशाळेची. तिथे थेंब पडतो, रंग बदलतो, विष ओळखलं जातं. प्रत्यक्षात विषबाधेचा संशय असला की शवविच्छेदनात डॉक्टर जठर आणि त्यातला ऐवज एका बरणीत ठेवतात, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे दुसरीत, रक्त वेगळं. बरण्यांत मिठाचं संपृक्त द्रावण भरतात, आपल्या स्वयंपाकघरातलंच मीठ, आणि त्या द्रावणाचा नमुनाही वेगळा पाठवतात, म्हणजे विष मिठातून आलं असा आक्षेप कुणी घेऊ नये. झाकणावर लाखेची मोहर, सोबत मोहरेचा ठसा, आणि कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं याची नोंद. मध्य प्रदेशची राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे. ती बरणी ठाण्यातून निघाल्यापासून अहवाल परत येईपर्यंत जो काळ जातो, त्यात एक कुटुंब अडकलेलं असतं. त्यांना वाटतं, टीव्हीवर तर संध्याकाळपर्यंत कळतं, मग आपल्याच वेळी उशीर का? त्यातून ठाण्यावरचा विश्वास जातो, आणि प्रामाणिकपणे काम करणारा अंमलदारही खोटा ठरतो.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ सांगतं, आणि त्याची तयारी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत देतं. कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केलं, मोबाइलवर केलं तरी चालेल, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. म्हणजे पूर्वी बातमीच्या कॅमेरामनवर असलेली जबाबदारी आता करोंदच्या अरुंद गल्लीत झडतीला गेलेल्या हवालदारावर आली आहे. उजेड नाही, बघ्यांची गर्दी, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं कपाट उघडायचं, आणि पंचांची सही होईपर्यंत चित्रण चालू ठेवायचं. मध्येच ते तुटलं, तर बचावाचा वकील पहिला प्रश्न तेवढ्या जागेबद्दल विचारणार, आणि तो योग्यच असेल. न कापलेलं चित्रण सिंग यांनी २००४ साली विक्रम म्हणून केलं. आता ते न्यायाची गरज झालं आहे.

म्हणून मला या मालिकेकडून अजून मोठी अपेक्षा आहे. एप्रिल २०२५ मध्ये नव्या पर्वात प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला, तो लोकांनी मनावर घेतला आणि पुढे ते पात्र परत आलं. इतका जीव लावणारे प्रेक्षक कुठल्याही सरकारी जनजागृतीला मिळत नाहीत. जर्मनीत ‘टाटऑर्ट’ ही मालिका १९७० पासून चालू आहे. तिथे प्रत्येक शहराचं स्वतंत्र पथक असतं आणि ते त्या त्या शहराच्या अडचणींसह दिसतं. आपल्याकडे ते सगळं एका मुंबईवर सोडलेलं आहे. भोपाळचं एक पथक दाखवा, निशातपुऱ्यासारखं एखादं ठाणं दाखवा. दार तोडा, त्यात आम्हालाही मजा येते. पण त्यानंतर फोन काढून चित्रण सुरू करणारा हवालदार दाखवा, सागरकडे निघालेली बरणी दाखवा, अहवाल येईपर्यंत थांबणारा, चिडलेला, तरीही हात न उचलणारा एसीपी दाखवा. ज्या मालिकेनं १११ मिनिटं न कापता दाखवली, तिला वाट पाहणंही रंगवून दाखवता येईल. ते करण्याची ताकद तिच्यात आहे, आणि वीस वर्षं लोकांनी दिलेल्या विश्वासाची परतफेडही तीच होईल.