एक तिकीट चाळीसचं, एक सहाशेचं

गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये सगळ्यांना भाडं सारखंच. पाहुणा जर्मनीचा असो की जळगावचा, तासाभराचा प्रवास एकाच बाकावर बसून होतो. जेट्टीवर उतरून, टोप्या आणि माळा विकणाऱ्या टपऱ्यांमधून पायऱ्या चढत वर आलं, की तिकीट खिडकीपाशी मात्र दोघं वेगळे होतात. भारतीयाला ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. आत गेल्यावर दोघंही त्याच महेशमूर्तीपुढे मान वर करून उभे राहतात.

हा दर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८ मध्ये ठरवला. अजिंठा, वेरूळ, घारापुरी अशी जागतिक वारसा स्थळं या वरच्या श्रेणीत येतात. शनिवारवाडा, बीबी का मकबरा किंवा कार्ल्याची लेणी खालच्या श्रेणीत, तिथे २५ आणि ३००. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि १५ वर्षांखालच्या मुलाला, ते कुठल्याही देशाचं असो, तिकीटच नाही.

परदेशी पाहुण्यांवर अन्याय होतो, अशी ओरड या फरकावरून अधूनमधून होते. तिच्यात कितपत तथ्य आहे हे बघायला थोडं मागे जायला हवं. सन २००० मध्ये सरकारने जागतिक वारसा स्थळांसाठी परदेशी पाहुण्यांचा दर एकदम १० डॉलर केला. पर्यटन व्यावसायिकांनी विरोध केला आणि वर्षभरात तो ५ डॉलर किंवा २५० रुपयांवर आला. तेव्हा भारतीयांना १० रुपये पडत, म्हणजे फरक पंचवीसपट होता. २०१६ मध्ये ३० आणि ५०० झाले, दोन वर्षांनी ४० आणि ६००. आजचा फरक पंधरापट आहे. म्हणजे प्रमाणात पाहिलं तर गेल्या पंचवीस वर्षांत जास्त भार भारतीयांच्या तिकिटावर पडला. डॉलरमध्ये मोजलं तर परदेशी पाहुण्याचं तिकीट फारसं वाढलेलंच नाही.

आता श्रीमंत देशही याच वाटेला लागले आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट २२ वरून ३२ युरो केलं. त्याच महिन्यात अमेरिकेने सर्वाधिक गर्दीच्या ११ राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पाहुण्यांवर माणशी १०० डॉलरचा जादा आकार लावला. बँकॉकच्या राजवाड्यात थाई माणसाला तिकीट नाही, आपल्याला ५०० बाट मोजावे लागतात. भूतानमध्ये भारतीयाला रात्रीमागे १२०० रुपये, इतर बहुतेक परदेशी पाहुण्यांना १०० डॉलर. मराठी पर्यटक आता या खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभा असतो.

मला स्वतःला हा फरक योग्य वाटतो, आणि तो नुसता ऐपतीचा प्रश्न आहे असं वाटत नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीवरची मजुरी दिवसाला ३०० रुपयांच्या आसपास आहे. सरसकट सहाशेचं तिकीट लावलं, तर सिल्लोड तालुक्यातल्या मजुराला उशाशी असलेलं अजिंठा बघायला दोन दिवसांची मजुरी द्यावी लागेल. हे तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की इथल्या माणसाने या वास्तूंची किंमत आधीच मोजलेली असते. एक तर करातून. दुसरी किंमत फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. २०१० च्या दुरुस्त कायद्यानुसार केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय वीट रचता येत नाही. मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची म्हटलं तरी अशा पट्ट्यातल्या कुटुंबाला दिल्लीच्या नियमांकडे बघावं लागतं. या माणसांना चाळीस रुपयांत आत सोडणं म्हणजे उपकार नव्हेत. खरं तर त्यांच्याकडून तेही घेऊ नयेत.

पण फरकामागचं कारण ‘ज्याने आधीच भार उचलला त्याला सवलत’ हे असेल, तर आज ती सवलत भलत्याच ठिकाणी पोचते आहे. कारण खिडकीवरचा फलक पासपोर्ट विचारतो, पत्ता विचारत नाही. चाकणच्या कारखान्यात काम करणारा, पुण्यात घरभाडं भरणारा, इथेच आयकर देणारा जर्मन अभियंता घ्या. फलकावरच्या रकान्यांप्रमाणे तो परदेशीच. उलट न्यू जर्सीत स्थायिक झालेलं, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं आपलं मराठी कुटुंब ओसीआय कार्ड दाखवून भारतीय दराने आत जाऊ शकतं. २०२१ च्या अधिसूचनेनेच तशी सोय केली आहे. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांनाही चाळीसच रुपये. त्यामुळे थायलंडचा उपासक वेरूळच्या बौद्ध लेण्यांत चाळीस रुपयांत जातो आणि जपानचा उपासक सहाशेत. शेजारधर्म म्हणून दिलेली सवलत मी समजू शकतो, ओसीआयवाल्यांशी असलेलं नातंही समजू शकतो. पण इथे राहून इथला कर भरणाऱ्यासाठी फलकावर रकाना नसावा, हे पटत नाही.

पासपोर्टवरून दर ठरवण्यात आणखी एक दुखणं आहे. खिडकीतला कर्मचारी सगळ्यांचे कागद बघत बसू शकत नाही, मागे रांग असते. मग तो चेहरा बघतो. मणिपूर, नागालँड, मिझोरामच्या तरुणांना स्वतःच्याच देशातल्या स्मारकापुढे ‘पासपोर्ट दाखवा’ असं ऐकावं लागल्याच्या तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या आहेत. सोबतचे मित्र न विचारता आत जातात आणि यांना मात्र खिशातून आधार कार्ड काढावं लागतं. हा अपमान साडेपाचशे रुपयांच्या महसुलापेक्षा फार मोठा आहे.

जपानमध्ये हिमेजीच्या किल्ल्याबाबत असाच प्रश्न आला होता. परदेशी पाहुण्यांना जास्त दर लावायचा विचार तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये बोलून दाखवला. बरीच चर्चा झाली आणि शेवटी रेष वेगळी आखली गेली. मार्च २०२६ पासून हिमेजी शहरात राहणाऱ्याला १००० येन, बाहेरच्याला २५००, मग तो टोकियोचा असो की ठाण्याचा. किल्ला सांभाळण्याचा भार ज्या गावावर, सवलत त्या गावाला. चेहरा बघायची गरजच उरली नाही.

आपल्याकडे भार उचलणाऱ्या गावाच्या वाट्याला काय येतं? पुरातत्त्व खात्याच्या तिकिटांचे पैसे केंद्राच्या एकत्रित निधीत जातात. स्मारकांच्या देखभालीची तरतूद अर्थसंकल्पातून वेगळी होते. घारापुरीत जमलेले पैसे घारापुरीतच खर्च व्हावेत असं बंधन नाही. हे बेट १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. डॉलर, पाउंड, येन खिशात घेऊन आलेल्या पाहुण्यांची रीघ तेव्हापासून आहे. आणि राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिथल्या तीन वस्त्यांमध्ये समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली तीस वर्षं लेणी बघून लाँच परत फिरल्या, की बेटावर संध्याकाळच्या काही तासांपुरता जनरेटर. परदेशी पाहुण्याकडून जास्त पैसे घ्यायचे असतील, तर त्यातला ठरलेला हिस्सा त्या गावाच्या पाण्यावर, शाळेवर, जेट्टीवर खर्च व्हायला हवा, आणि किती झाला हे तिकीट खिडकीशेजारी लिहिलेलं असायला हवं. सहाशे देणाऱ्यालाही ते वाचायला आवडेल.

हा प्रश्न आता महाराष्ट्राच्या आणखी जवळ आला आहे. जुलै २०२५ मध्ये शिवकाळाशी जोडलेले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. एक तमिळनाडूतला जिंजी, बाकी ११ आपले. त्यांपैकी रायगड, शिवनेरी, पन्हाळा असे बरेचसे केंद्राच्या ताब्यात आहेत, पण साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. या चार ठिकाणी कुणाकडून किती घ्यायचं आणि ते कुठे खर्च करायचं, हे दिल्लीला न विचारता ठरवता येईल. पायथ्याच्या गावांना मोफत प्रवेश, निवासाचा पुरावा दाखवणाऱ्या प्रत्येकाला, त्याचा पासपोर्ट कुठलाही असो, कमी दर, आणि जमेतला हिस्सा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात. सुरुवात राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यापासून करता येईल.