सायकलवरचा आकडा आणि छातीतला ठोका

"डॉक्टर, सायकलला लावायचा जीपीएस संगणक कोणता घेऊ?" असे रुग्ण हल्ली विचारतात, तेव्हा मला माझीच फजिती आठवते. एका मे महिन्यात तुळजापूरच्या घाटात यंत्रावरचा वेग घसरू नये म्हणून मी पाणी प्यायलाही थांबलो नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली बसावे लागले.

हे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून वेग व अंतर काढते. हृदयाचे ठोके मोजायला बहुधा छातीवर बांधायचा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. आरोग्यासाठी तोच महत्त्वाचा. म्हणून पट्टा जोडता येईल असेच यंत्र निवडावे. सोलापूरच्या उन्हात आकडे दिसतात का, घामट बोटांनी बटणे दाबता येतात का, पाणी पिण्याची आठवण देणारी सोय आहे का, हेही पाहावे. नकाशासाठी जादा पैसे कशाला? सिद्धेश्वर तलावाची वाट आपल्याला ठाऊक आहे!

२२० मधून वय वजा केले की ठोक्यांची कमाल मर्यादा ढोबळमानाने कळते. पन्नाशीत ती १७०. नवशिक्याने तिच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे १०२ ते ११९ ठोक्यांत राहावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मंदावतात. तेथे हा हिशेब चालत नाही. अशांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

यंत्र परवडत नसेल तरी बिघडत नाही. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग बेताचा. मात्र छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर आकडा काहीही असो, लगेच उतरावे.