नको ते काढताना हवे ते जाऊ नये म्हणून

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले आणि आमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपचा प्रश्न उभा राहिला. मशीन चांगली चालू होती, पण विंडोज ११ तिच्यावर चढत नव्हते. नवा लॅपटॉप घ्यायचा तर मुलीच्या फीचे पैसे मोडावे लागले असते. भाचा बीसीएला आहे. तो एका रविवारी आला, मुलीची फाइल-फोटो पेन ड्राइव्हवर काढून घेतले आणि लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून गेला. तीन-चार महिने सगळे मजेत चालले. मुलगी डिप्लोमाचा प्रोजेक्ट त्यावर करत होती, अम्मी मराठी बातम्या आणि उर्दू किताबा वाचत होत्या. मग एक दिवस पडद्यावर सूचना आली : डिस्कमध्ये जागा उरलेली नाही.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामू, फालतू सॉफ्टवेअर काढून टाकतो, अर्ध्या तासाचे काम आहे.” संध्याकाळी येऊन त्याने दोन गेम काढले, टीव्ही पाहायचे ॲप काढले, मेलचे थंडरबर्ड काढले. जागा फारशी वाढली नाही. हे का झाले ते पुढे सांगतो, कारण खरी गोम तिथेच होती. जागा वाढेना म्हणून तो आणखी काही शोधू लागला. त्याला ‘पायथन ३’ हे नाव दिसले. आमच्या घरात पायथन कोणी शिकत नाही, मग हे कशाला, असे म्हणून त्याने तेही काढायची आज्ञा दिली. पडद्यावर नावांची लांबलचक रांग आली. खाली प्रश्न आला, पुढे जायचे का? त्याने एंटर दाबले. लॅपटॉप बंद करून परत चालू केला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ होती. मेनू नाही, चित्र नाही, माउसचा बाण नाही. शनिवारची रात्र होती आणि सोमवारी मुलीला प्रोजेक्ट द्यायचा होता.

विंडोजमध्ये एक सॉफ्टवेअर काढले की बहुधा तेवढेच जाते. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून येते आणि पॅकेजे एकमेकांच्या आधारावर उभी असतात. मोहल्ल्यात एकच मोठी देग असते. कोणाकडे वलीमा असला की ती तिकडे जाते, कोणाकडे अकीका असला की इकडे येते. ज्याच्या ओट्यावर ती पडून असते त्याला वाटते, आपण तर वर्षभर हिच्यात काही शिजवले नाही, भंगारात देऊ या. पायथन ही तशी देग आहे. आपण त्यात काही लिहीत नसलो तरी मिंटचा डेस्कटॉप, अपडेट मॅनेजर, सॉफ्टवेअर मॅनेजर असे बरेच काही त्याच्यावर चालते. ते काढायला सांगितले की लिनक्स म्हणते, ठीक आहे, पण मग याच्यावर चालणारे हे सगळेही काढावे लागेल. ती लांबलचक रांग म्हणजे लिनक्सने आधीच दिलेला इशारा होता.

ही चूक फक्त शिकाऊ मुलांची नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर गेम खेळण्याचे स्टीम हे ॲप टाकायला घेतले. त्या दिवसांत तिथल्या पॅकेजांत एक दोष होता. त्यामुळे स्टीम घालायचे तर डेस्कटॉप काढावा लागेल, असा हिशेब मशीनने मांडला. इशारा दिला आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ हे इंग्रजी वाक्य पूर्ण टाइप करायला लावले. त्यांनी ते टाइप केले आणि लाखो लोकांसमोर त्यांचा डेस्कटॉप गेला. पुढे ही वाट आणखी कडक करण्यात आली. पण कुलूप कितीही मजबूत केले तरी किल्ली आपल्याच हातात असते.

आता मशीन परत कशी आली ते. भाच्याने सुरुवातीलाच एक शहाणपण केले होते, टाइमशिफ्ट चालू करून ठेवले होते. मिंटमध्ये हे ॲप आधीपासून असते. ठरवलेल्या दिवशी ते पूर्ण सिस्टिमची एक प्रत काढून ठेवते. काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड देऊन आत गेलो, तिथे ‘सुडो टाइमशिफ्ट’ आणि त्यापुढे दोन उणे चिन्हे लावून ‘रिस्टोर’ अशी आज्ञा दिली. (या लेखातल्या आज्ञा उच्चाराने लिहिल्या आहेत. मशीनवर त्या इंग्रजीच्या लहान लिपीत टाइप करायच्या.) जुन्या प्रतींची यादी आली, आदल्या दिवसाची निवडली, विचारले त्याची उत्तरे दिली. मशीन आपोआप बंद होऊन चालू झाली आणि डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. मुलीचा प्रोजेक्ट तर मुळात कुठे गेलाच नव्हता. आपली कागदपत्रे, फोटो, डाउनलोड ‘होम’ या वेगळ्या जागी असतात. पॅकेज काढल्याने त्यांना धक्का लागत नाही आणि टाइमशिफ्टही नेहमीच्या मांडणीत त्यांना हात लावत नाही. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या : फोटो आणि अभ्यास टाइमशिफ्टमध्ये साठवले जात नाहीत, त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर आपणच ठेवायची.

ज्यांच्याकडे टाइमशिफ्ट नाही त्यांनीही घाबरू नये. डेस्कटॉप दिसत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबले की तोच काळा पडदा उघडतो. ॲप्टने काय काढले, कोणत्या तारखेला, किती वाजता, याची नोंद ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’मध्ये, त्यातल्या ‘ॲप्ट’ फोल्डरात ‘हिस्टरी’ या फाइलमध्ये असते. त्या नावांवरून पॅकेजे परत घालता येतात. इंटरनेट लागेल, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यावरचे यूएसबी टेदरिंग चालू केले की बहुधा काम भागते.

रविवारी सकाळी चहा घेता घेता आम्ही दोघे खरा प्रश्न घेऊन बसलो : जागा गेली कुठे? हे काम खरे तर आदल्या संध्याकाळी आधी करायला हवे होते. मिंटच्या मेनूत ‘डिस्क युसेज ॲनालायझर’ आहे. ते उघडले की कोणत्या फोल्डरात किती जागा अडकली ते रंगीत चित्रात दिसते. आमच्या सिस्टिमच्या वाट्याला ४० जीबी होते. त्यातले १६ जीबी एकट्या टाइमशिफ्टने घेतले होते! भाच्याने रोजच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या अशा सगळ्या प्रती ठेवायला सांगितल्या होत्या, आणि त्याही त्याच डिस्कवर. गेम काढून जागा फारशी का वाढली नव्हती ते आता उमगले. गेम सिस्टिममधून गेले, पण जुन्या प्रतींमध्ये ते होतेच. सिस्टिममधली त्यांची जागा सुटली, पण प्रतींनी अडवलेली जागा प्रत जाईपर्यंत सुटत नाही.

मुलगी म्हणाली, “अब्बा, मग हे टाइमशिफ्टच काढून टाका ना.” ज्याने आदल्या रात्री तिचा सोमवार वाचवला त्यालाच! आम्ही सगळ्यात ताज्या दोन प्रती ठेवल्या, बाकीच्या टाइमशिफ्टमधूनच पुसल्या. फोल्डर उघडून हाताने पुसू नका. पुढच्यासाठी आठवड्याला एक, एकूण दोन, असे ठरवून टाकले. बाहेरची हार्ड डिस्क असेल तर प्रती तिच्यावर ठेवणे सर्वांत चांगले.

मग बाकीची झाडलोट. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि जुन्या पडून राहतात. एकेक काही शे एमबी खाते. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नेल्स’ आहे, तिथून जुन्या काढता येतात. चालू असलेली आणि तिच्या आधीची एक, अशा दोन मात्र ठेवायच्या. नव्या गाभ्यात वायफाय चालेना झाले तर जुन्यावरून मशीन सुरू करता येते. पॅकेजे उतरवून घेताना त्यांच्या फाइल साठून राहतात, त्या ‘सुडो ॲप्ट क्लीन’ने जातात आणि त्यात धोका काहीच नाही. फ्लॅटपॅकने आलेली ॲप असतील तर ती आपला जड संसार बरोबर आणतात आणि ॲप काढल्यावरही तो मागे राहतो. ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’पुढे दोन उणे चिन्हे लावून ‘अनयूज्ड’ लिहिले की तो जातो. एवढ्याने आमची निम्म्याहून जास्त डिस्क मोकळी झाली आणि अजून एकही पॅकेज निवडून काढले नव्हते.

त्यानंतर राहिली ती खरोखर नको असलेली ॲप. जे मेनूत दिसते आणि आपण वापरत नाही, ते काढायला टर्मिनलची गरज नाही. मेनूत त्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘अनइन्स्टॉल’ निवडा. त्याच्याबरोबर आणखी काय जाणार ते मिंट दाखवते. ते वाचा. टर्मिनलमधून करायचे असेल तर आधी रंगीत तालीम करा : ‘ॲप्ट रिमूव्ह’, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून लहान एस, मग पॅकेजचे नाव. यात प्रत्यक्ष काही निघत नाही, काय निघेल तेवढे दिसते. गेमला हात लावला आणि यादीत गेमच्याच दोन-तीन फाइल असतील तर बिनधास्त काढा. पण एक लहान ॲप काढताना यादीत सिनॅमन, एक्सऑर्ग, नेटवर्क मॅनेजर, ग्रब, सिस्टमडी असे काही दिसले, किंवा ज्याच्या नावात ‘डेस्कटॉप’ वा ‘मेटा’ आहे असे काही दिसले, तर तिथेच थांबा. खरी आज्ञा दिली की शेवटी कंसात मोठा वाय आणि लहान एन दिसतो. वाय मोठा असण्याचा अर्थ असा की नुसते एंटर दाबले तरी ते ‘हो’ समजले जाते. आमचा भाचा इथेच फसला. शंका आली तर एन दाबून मग एंटर.

‘रिमूव्ह’ने पॅकेज जाते, पण त्याच्या सिस्टिममधल्या सेटिंगच्या फाइल राहतात. ‘पर्ज’ने त्याही जातात. पुढेमागे ते ॲप परत लागेल असे वाटत असेल तर रिमूव्ह पुरे. त्या फाइल अगदी लहान असतात, त्यांच्यासाठी जीव टाकू नये. ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा दुसऱ्या कोणासाठी म्हणून आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजे काढते. चांगली आज्ञा आहे, पण तिचीही यादी वाचावी. तुम्ही वापरता असे काही त्यात निघाले तर ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ आणि त्या पॅकेजचे नाव लिहा, म्हणजे मशीन ते तुमच्या मर्जीचे समजून ठेवून देते.

एक गोष्ट आमच्यासारख्या घरांनी विशेष जपावी. भाच्याच्या ‘फालतू’ यादीत ‘फॉन्ट्स’ने सुरू होणारी बरीच नावे होती. एवढ्या लिप्या कोण वाचतो, असा त्याचा सवाल. पण त्यांतच लोहित आणि नोटो हे संच असतात, ज्यांच्यामुळे देवनागरी आणि अरबी-उर्दू अक्षरे नीट दिसतात. ते गेले की अम्मींच्या बातम्यांत ओळीच्या ओळी चौकोनी डबे दिसतील आणि मशीन बिघडली म्हणून त्या ती बंद करून ठेवतील. लोहितची देवनागरी तर इतकी लहान आहे की ती काढून काहीच मिळत नाही. जड असतो तो चिनी-जपानी-कोरियन लिप्यांचा नोटो संच. तो हवा तर काढावा, पण त्याचीही यादी वाचूनच. तसेच ‘आयबस’. मराठी-उर्दू टायपिंग त्याच्यावर चालत असेल तर नाव अनोळखी वाटले म्हणून त्याला हात लावू नका. ‘लिब’ने सुरू होणारी पॅकेजे तर स्वतःहून कधीच काढू नयेत. त्यांची सोय लावायला ऑटोरिमूव्ह आहे.

आणि एक विनंती. मोबाइलवर कोणीतरी ‘ही एक ओळ टाका, लिनक्स पिसासारखे हलके होईल’ असे पाठवतो. ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ म्हणजे घराच्या सगळ्या चाव्या देणे. तिच्यातला प्रत्येक शब्द काय करतो ते कळल्याशिवाय ती टाकू नका. कोणी ओळीत ‘उणे वाय’ जोडलेला असेल तर मशीन प्रश्नही विचारणार नाही.

आम्ही आता दोन महिन्यांतून एकदा हे काम करतो. आधी टाइमशिफ्टची ताजी प्रत, मग मोजणी, मग एका वेळी एकच ॲप. काढल्यावर मशीन बंद-चालू करून वायफाय, आवाज, प्रिंटर आणि अम्मींची अक्षरे तपासतो, मगच दुसऱ्याला हात. मुलगी यादी मोठ्याने वाचते आणि भाचा फोनवर ऐकतो. टीव्हीचे जे ॲप त्याने काढले होते ते टाइमशिफ्टबरोबर परत आले होते. परवा ते पुन्हा काढायला निघालो, तर अम्मी म्हणाल्या, “राहू दे रे, दुपारी मी त्यावर बातम्या लावते.” ते राहिले.