चेहऱ्यावरचा रंग उतरतो कसा?

मंदिराच्या प्रांगणातील नृत्य संपते, मृदंगाचा शेवटचा बोल विरतो, घुंगरे सुटतात. रंग मात्र चेहऱ्यावर तसाच राहतो. डोळ्यांतील काजळ, ओठांवरील लाली, गालांवरील जाड लेप हे सर्व उतरविल्यावाचून नर्तिकेला निजता येत नाही. ती घाईने तोंडावर पाणी मारते. पाण्याचे थेंब लेपावरून ओघळून जातात आणि रंग जागचा हलत नाही. मग ती साबण चोळते. डोळे झोंबतात, कातडी ओढल्यासारखी होते, आणि तरीही पापण्यांच्या कडांना काळी रेघ उरतेच.

हा अनुभव कुंभकोणमसारख्या शहरात नवा नाही. इसवी सनाच्या सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. त्यानंतर कावेरीच्या खोऱ्यात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. बडोद्याचे विख्यात दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे अशाच एका कुटुंबात झाला. हा सारा प्रदेशच नृत्यनाट्याचा आहे. तंजावरचे शहाजीराजे यांच्या नावावर मराठी नाटके आहेत. जवळच्या मेलत्तूर गावी नरसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळ्याचे रात्रभर चालणारे प्रयोग होतात, आणि त्यांत स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. जेथे रंग लावणे आहे तेथे रंग उतरविणेही आलेच.

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातील एखाद्या घरात आज या कामाची दोन साधने शेजारी शेजारी आढळू शकतील. एक जुने: खोबरेल तेलाची वाटी, आणि त्यानंतर लावावयाचे शिकेकाईचे किंवा मुगाचे पीठ. दुसरे नवे: दुकानातून आणलेली पारदर्शक द्रवाची बाटली, जिच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत पंधरा-वीस अपरिचित नावे छापलेली असतात. ही नावे वाचून कोणी घाबरतो, तर कोणी त्यांकडे पाहतच नाही. वस्तुतः वाटी आणि बाटली या दोहोंतील कार्य एकाच नियमाने चालते. तो नियम समजला की नावांची भीती उरत नाही, आणि खरी काळजी कोठे घ्यावयाची हेही कळते.

रंगात काय असते?

रंगभूषेच्या लेपाचे दोन भाग मानता येतील. पहिला भाग रंगद्रव्याचा. लोहाच्या ऑक्साइडांपासून तांबडा, पिवळा व तपकिरी रंग मिळतो. टिटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइड यांपासून पांढरा. काजळातील काळेपणा हा काजळीचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. हे कण पाण्यातही विरघळत नाहीत आणि तेलातही नाहीत. दुसरा भाग त्यांना धरून ठेवणाऱ्या माध्यमाचा. त्यात तेले, मेण, चरबीसदृश पदार्थ आणि आजकाल सिलिकोनही असतात. पाण्याने न निघणाऱ्या प्रसाधनांत, वाळल्यावर पातळ पापुद्रा तयार करणारी बहुवारिके मिसळलेली असतात. जर्मनीतील गायक लुडविग लाइखनर याने १८७३ च्या सुमारास बर्लिनमध्ये नटांसाठी तेलकट रंगकांड्या विकावयास आणल्या, त्या याच तत्त्वावर. नटाच्या घामाने रंग ओघळू नये, हा त्यामागील हेतू होता.

पूर्वीचे काही रंग याहून घातक होते. शिशाचा सफेदा युरोपात शतकानुशतके चेहऱ्यास लावला जात असे. केरळातील कथकळीच्या पारंपरिक रंगांत पिवळ्यासाठी आर्सेनिकयुक्त मनयोला व तांबड्यासाठी पाऱ्याचे संयुग असलेला हिंगूळ खोबरेल तेलात खलून वापरीत. असे रंग उतरविणे ही केवळ स्वच्छतेची नव्हे, तर आरोग्याची बाब होती. भारतात लागू असलेल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी रंगासाठी शिसे व आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई केली आहे.

पाणी असमर्थ का ठरते?

पाण्याच्या रेणूंचे एकमेकांवर तीव्र आकर्षण असते. त्यामुळे मेणकट पृष्ठावर पाणी पसरत नाही. अळवाच्या पानावरच्या थेंबाप्रमाणे ते गोळा होऊन राहते. तेल व मेण यांच्या रेणूंशी त्याचे सख्य नाही. याउलट तेलाचे तेलाशी सख्य असते. खोबरेल तेल लेपावर चोळले की लेपातील तेल व मेण त्यात मिसळून सैल होतात, माध्यमाची पकड सुटते, आणि रंगाचे कण मोकळे होऊन तेलाबरोबर पुसले जातात. समान पदार्थ समानात विरघळतो, हा रसायनशास्त्रातील जुना नियम येथे उपयोगी पडतो. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलन याच्या नावाने प्रसिद्ध असलेले मलम ऑलिव्ह तेल, मधमाश्यांचे मेण व गुलाबपाणी यांचे होते. आजच्या कोल्ड क्रीमचे ते पूर्वज होय.

परंतु येथे काम अर्धेच होते. रंग निघाला, पण तेल चेहऱ्यावर राहिले. ते कसे काढावयाचे? याचे उत्तर शिकेकाईत आहे.

शिकेकाई आणि बाटली यांतील साम्य

शिकेकाई हा शब्द मराठीत दक्षिणेकडून आला. तमिळ भाषेत ‘काय’ म्हणजे कच्चे फळ वा शेंग. या शेंगेत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग शर्करेचा असून तो पाण्याकडे ओढला जातो. दुसरा भाग तेलाकडे ओढला जातो. अशा दुहेरी स्वभावाच्या पदार्थाला पृष्ठसक्रिय द्रव्य म्हणतात. तो तेल व पाणी यांच्या सीमेवर उभा राहतो आणि दोघांतील दुरावा कमी करतो. पाण्यात त्याचे प्रमाण ठराविक मर्यादेपुढे गेले की त्याचे अनेक रेणू एकत्र येतात, तेलप्रिय टोके आत व जलप्रिय टोके बाहेर ठेवून सूक्ष्म पुंजके बनवितात. यांना मायसेल म्हणतात. जेम्स मॅकबेन यांनी १९१३ साली साबणाच्या द्रावणांचा अभ्यास करताना अशा पुंजक्यांची कल्पना मांडली. तेलाचे थेंब या पुंजक्यांच्या आत सामावतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात.

आता बाटलीवरील यादी पाहावी. पुष्कळदा तीत ‘डेसिल ग्लुकोसाइड’ हे नाव आढळते. याच्या रेणूचे एक टोक ग्लुकोजचे, म्हणजे साखरेचे, आणि दुसरे वनस्पतिजन्य तेलापासून काढलेल्या मेदाल्कोहोलाचे. सॅपोनिनची मूळ योजना हीच होती. ‘कोकामिडोप्रोपिल बीटेन’ या लांबलचक नावातील पहिली दोन अक्षरे नारळाची आहेत. खोबरेल तेलातील मेदाम्लांपासूनच ते बनवितात. ‘कॅप्रिलिक कॅप्रिक ट्रायग्लिसराइड’ हे खोबरेलातील लहान मेदाम्लांपासून तयार केलेले तेल होय. मेलकावेरीच्या परसातला माड बाटलीतही वेगळ्या रूपाने हजर आहे.

बाटलीतील इतर मंडळी

यादीतील उरलेली नावे त्यांच्या कामानुसार लावली असता ओळख सोपी होते. प्रथम पाणी, बहुधा सर्वांत अधिक तेच असते. ‘पोलोक्झॅमर १८४’ किंवा ‘पीईजी-६ कॅप्रिलिक कॅप्रिक ग्लिसराइड्स’ ही सौम्य पृष्ठसक्रिय द्रव्ये. ‘आयसोडोडेकेन’ हे पातळ व उडून जाणारे तेलकट द्रव, जे न भिजणारे काजळ सैल करते. वापरण्यापूर्वी हलवावयाच्या दोन थरांच्या बाटल्यांत ते वरच्या थरात असते. ग्लिसरीन व ‘हेक्सिलीन ग्लायकॉल’ ओलावा धरून ठेवतात. ‘डायसोडियम ईडीटीए’ पाण्यातील धातूंचे आयन पकडून ठेवते, म्हणजे त्यांच्यामुळे मिश्रण बिघडत नाही. सायट्रिक आम्ल आम्लता योग्य राखते.

ही आम्लतेची बाब महत्त्वाची आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे ५ च्या आसपास येतो. शाडे व मार्किओनिनी या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२८ साली याला आम्लाचे आवरण असे नाव दिले. साबणाच्या द्रावणाचा सामू मात्र ९ ते १० असतो. म्हणूनच साबणाने वारंवार धुतलेली त्वचा कोरडी व ओढल्यासारखी वाटते. शिवाय विहिरीच्या कठीण पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो. शिकेकाईचे द्रावण साबणाप्रमाणे अल्कधर्मी नसते. जुन्या घरगुती अनुभवाने केलेली ही निवड रसायनशास्त्राच्या कसोटीसही उतरते.

भय कोणाचे बाळगावे?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वनस्पतीपासून आलेले ते निरुपद्रवी आणि प्रयोगशाळेतून आलेले ते घातक, अशी विभागणी विज्ञान मान्य करीत नाही. शिकेकाईचे पीठ डोळ्यात गेले तर तीव्र जळजळ होते. खोबरेल तेल न धुता ठेवले तर मुरुमे येणाऱ्या त्वचेत ती वाढू शकतात. हरताळ तर खनिज म्हणून निसर्गातच सापडते. उलट, भयप्रद वाटणारे ‘फिनॉक्सिएथॅनॉल’ हे परिरक्षक द्रव्य बाटलीत नसेल, तर पाण्यामुळे तीत जंतू व बुरशी वाढतील, आणि तेच पाणी पापणीवर लागेल. शुद्ध तेलाला परिरक्षक लागत नाही, कारण त्यात पाणी नसते. पाणी असलेल्या प्रत्येक प्रसाधनाला मात्र ते लागते. युरोपीय संघाच्या नियमांत फिनॉक्सिएथॅनॉलची कमाल मर्यादा १ टक्का आहे.

याचा अर्थ सर्व परिरक्षके निर्दोष आहेत असा नव्हे. ‘मिथाइलआयसोथायझोलिनोन’ या परिरक्षकाने अनेकांच्या त्वचेवर संपर्कजन्य पुरळ उठल्याचे आढळल्याने अमेरिकेतील संपर्कत्वचादाह संस्थेने २०१३ साली त्याला त्या वर्षाचे प्रमुख अॅलर्जिकारक घोषित केले. सुगंधी द्रव्येही अशा विकारांचे एक मोठे कारण आहेत, मग ती गुलाबापासून काढलेली असोत वा कारखान्यात बनविलेली. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी सुगंधरहित द्रव निवडणे श्रेयस्कर.

वापर करताना

घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने लावलेली असते. जे १ टक्का वा त्याहून कमी आहेत ते शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. त्यामुळे आवरणावर मोठ्या अक्षरांत मिरविणारा एखादा वनस्पतीचा अर्क यादीत अगदी तळाशी असेल, तर त्याचे प्रमाण किती अल्प आहे हे वाचकाला स्वतःच ताडता येते.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचेपैकी आहे. सबब द्रवात भिजविलेला कापूस काही क्षण मिटलेल्या पापणीवर ठेवावा, द्रव्यांना त्यांचे काम करू द्यावे, आणि मग हलक्या हाताने पुसावे, घासू नये. ‘धुण्याची आवश्यकता नाही’ असे लिहिलेले असले तरी शेवटी साध्या पाण्याने चेहरा धुणे हितकारक, कारण पृष्ठसक्रिय द्रव्य त्वचेवर राहिले तर ते त्वचेतील स्वाभाविक स्निग्धताही सैल करते. नवे द्रव्य प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन-तीन दिवस पाहावे. शाळेच्या स्नेहसंमेलनात राम, रावण वा हनुमान झालेल्या मुलांच्या बाबतीत ही दक्षता विशेष घ्यावी. त्यांना साबणाच्या वडीऐवजी आधी थोडे तेल आणि मग सौम्य धावन द्यावे.

आधी तेलाने सैल करावे, मग दुहेरी स्वभावाच्या द्रव्याने ते तेल पाण्याच्या स्वाधीन करावे, ही पद्धत मेलकावेरीच्या न्हाणीघरात आजही तीच आहे. बाटलीने तिची दोन पावले एकत्र केली आणि घटकांना नवी नावे दिली. यादीतील प्रत्येक नावाला ‘तुझे काम कोणते?’ असा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला जाहिरात फसवू शकत नाही आणि अपरिचित शब्दही भिववू शकत नाही.