ओळखीच्या चेहऱ्याची पडताळणी

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. गावात उरतात म्हातारी माणसे, काही लेकरे आणि त्यांची काळजी वाहणारी अंगणवाडी. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईची वातानुकूलित कार्यालये येतात. पण ती आता अंगणवाडीच्या उंबऱ्यातही पोहोचली आहे, आणि तिचा भार सेविकेच्या मनावर पडतो आहे.

एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे नोंदी वह्यांत होत. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाईल ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट आहेत आणि ॲप मराठीत नाही, ही त्यांची तक्रार होती. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थीचा चेहरा ॲपवर पडताळणे सक्तीचे झाले.

गळती थांबावी, हा हेतू रास्तच आहे. पण जिच्या घरी सेविकेचे रोजचे जाणेयेणे, तिची ओळख यंत्राला पटवून द्यायची, तर रेंज हवी, उजेड हवा, संकेतांकासाठी आधारला जोडलेला फोन हवा. लेकरू आजीजवळ आणि तो फोन बापाच्या खिशात, दूर उसाच्या फडात, असे असले तर? शिधा अडला की दारातली माणसे सेविकेलाच बोलतात आणि वरून विचारणा होते तीही तिलाच.

कामाचा ताण नेमका कशाने वाढतो? रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ साली मांडले, की काम भारी आणि निर्णयाचा अधिकार तोकडा, अशी जोडी जमली की माणूस आतून खचतो. सेविकेची अवस्था याहून वेगळी नाही. पन्नाशीच्या बाईला ‘मला हे जमत नाही’ असे वाटू लागते. चूक मात्र तिची नसते.

उपाय अवघड नाही. यंत्र अडले, तर सेविकेच्या सहीने शिधा द्यावा आणि पडताळणी मागाहून व्हावी. मन फारच थकले, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पण गावाची माणसे जिला तोंडपाठ आहेत, तिच्या शब्दाला किंमत असावी, हे पहिले औषध.