उतरत्या आंकड्यांची पारख

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आपल्या पटांगणावरील फुटबॉल नव्हे. तेथें चेंडू लांबट असून तो हातानें फेंकतात व झेलतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें नाहीं, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. ह्या खेळांत ‘टाइट एंड’ नांवाच्या गड्यास दोन कामें असतात. कधीं प्रतिपक्षाच्या धिप्पाड गड्यांस अंगानें थोपवून धरावयाचें, तर कधीं त्यांच्यामधून निसटून क्वार्टरबॅकनें, म्हणजे संघाच्या सूत्रधारानें, फेंकलेला चेंडू झेलावयाचा. पहिल्या कामाची नोंद आंकड्यांत बहुतेक होतच नाहीं. दुसऱ्याची मात्र यार्डागणिक होते. म्हणून हे आंकडे घटले कीं ‘हा गडी संपला’ असा गलबला उठतो. तो कितपत खरा मानावा, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून पाहूं.

कॅन्सस सिटी चीफ्स संघाच्या ट्रॅव्हिस केल्सी यानें सन २०२० मध्यें १५ सामन्यांत १०५ झेल घेऊन १,४१६ यार्ड मिळविले. सन २०२२ मध्यें ११० झेल व १,३३८ यार्ड. पुढील सालीं ९३ झेल व ९८४ यार्ड. आणि सन २०२४ मध्यें १६ सामन्यांत ९७ झेल, पण यार्ड अवघे ८२३! सलग सात हंगाम हजारांवर यार्ड मिळविणाऱ्या गड्याची ही उतरण पाहून हळहळ वाटणें साहजिक आहे.

परंतु नुसत्या बेरजेवर थांबूं नये. चेंडू त्याच्याकडे किती वेळां फेंकला गेला, त्यांपैकीं त्यानें किती झेलले, आणि दर झेलामागें किती यार्ड पडले, असे तीन प्रश्न वेगळे विचारावे. सन २०२० मध्यें चेंडू त्याच्याकडे १४५ वेळां आला, २०२४ मध्यें १३३ वेळां. आणि दोन्ही हंगामांत त्यानें शेंकडा ७२-७३ चेंडू झेलले. म्हणजे हात ढिले पडले नव्हते, व फेंकणाऱ्याचा विश्वासहि उडाला नव्हता. दर झेलामागील यार्ड मात्र सुमारें साडेतेरांवरून साडेआठांवर आले. खरी घट ती येथें. नोव्हेंबर २०२४ मध्यें टँपा बे बकनीअर्सविरुद्ध त्यानें १०० यार्ड मिळविले खरे, पण त्यासाठीं त्यास १४ झेल घ्यावे लागले.

ह्याचें कारण काय? कित्येक म्हणतात, टायरीक हिल हा अतिशय चपळ गडी सन २०२२ मध्यें मायामीस गेला. तो प्रतिपक्षास दूरवर ओढून नेई व मधली जागा केल्सीस मोकळी मिळे. पण हिल गेल्यावरच्याच हंगामांत केल्सीनें १,३३८ यार्ड मिळविले, हें ते विसरतात. सन २०२४ मध्यें रशी राइस चौथ्या सामन्यांत जखमी झाला, तेंहि कारण पुढें करतात. मात्र राइस धडधाकट असतां पहिल्या तीन सामन्यांत केल्सीचे झेल सारे आठ व यार्ड ६९ होते. राइस गेल्यावर झेल उलट वाढले. तेव्हां परिस्थितीचा भाग असेलहि, परंतु ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पस्तिशी पूर्ण करणाऱ्या गड्याच्या पायांतील वेग ओसरला, हेंच आमच्या मतें मुख्य कारण होय.

तरीहि ‘संपला’ हा शब्द घाईचा ठरतो. सन २०२३ च्या हंगामांत त्याचे यार्ड हजारांखालीं आले, तेव्हांहि तो उच्चारला गेला होता. त्याच हंगामाच्या बाद फेरींतील चार सामन्यांत त्यानें ३२ झेल व ३५५ यार्ड मिळविले आणि संघ अजिंक्य ठरला. आणि ज्या वर्षीं त्याचे आंकडे सर्वांत फिके दिसले, त्या सन २०२४ मध्यें संघानें १७ पैकीं १५ साखळी सामने जिंकले. दहा यार्डांची अट पुरी करण्यास आठ यार्डांचा भरंवशाचा झेल पुष्कळदां पुरतो. जानेवारी २०२५ मध्यें ह्यूस्टनविरुद्ध त्यानें एका सामन्यांत ११७ यार्ड मिळविले. त्यापुढील दोन सामन्यांत मात्र १९ व ३९, आणि त्यांतील दुसरा, म्हणजे अंतिम सामना, संघानें गमावला. असा खेळ क्वचित् साधूं लागला होता, रोज नव्हे.