रक्तात ‘ब्लास्ट’ दिसल्या, तरी धीर सोडू नका

डाउन सिंड्रोम असलेले बाळ जन्माला आले, की डॉक्टरांचे लक्ष आधी हृदयाकडे जाते. ते योग्यच आहे, कारण अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. मग टूडी इको होतो, थायरॉइडची तपासणी होते. या धावपळीत रक्ताची एक साधी, स्वस्त तपासणी मात्र कधी कधी मागे पडते. ती केली जाते तेव्हा काही बाळांच्या अहवालात ‘ब्लास्ट’ हा शब्द येतो आणि आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते.

ब्लास्ट म्हणजे पूर्ण वाढ न झालेल्या रक्तपेशी. रक्तात त्या मोठ्या संख्येने दिसणे ही एरवी रक्ताच्या कर्करोगाची, म्हणजे ल्युकेमियाची खूण. डाउन सिंड्रोमच्या नवजात बाळांमध्ये मात्र याचे कारण बहुतेक वेळा एक वेगळाच विकार असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब ल्युकेमियासारखा दिसतो, पण बहुसंख्य बाळांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. डॉक्टर त्याला ‘टॅम’ म्हणतात. डाउन सिंड्रोमच्या सुमारे दहा टक्के नवजात बाळांत तो आढळतो.

सुरुवात गर्भातच

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाउन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. लँग्डन डाउन या ब्रिटिश डॉक्टरांनी १८६६ मध्ये या स्थितीचे वर्णन केले. तिचे गुणसूत्रातले कारण फ्रान्समध्ये १९५९ मध्ये स्पष्ट झाले.

गर्भात असताना बाळाचे रक्त मुख्यतः यकृतात तयार होते. जास्तीच्या गुणसूत्रामुळे तिथल्या कामाचा तोल बिघडतो आणि प्लेटलेट बनवणाऱ्या मूळ पेशी गरजेपेक्षा जास्त वाढू लागतात. त्यातच एखाद्या पेशीतील ‘गाटा-१’ नावाच्या जनुकात बदल झाला, तर ती पेशी परिपक्व होण्याऐवजी आपल्यासारख्याच पेशी वाढवत राहते. हा बदल २००२ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आला. तो आईवडिलांकडून आलेला नसतो, गर्भातच घडलेला असतो. गरोदरपणातल्या खाण्यापिण्याला, ग्रहणाला किंवा कुणाच्या नजरेला त्याचा दोष देण्यात अर्थ नाही.

जन्मानंतर रक्त तयार करण्याचे काम यकृताकडून हाडांतल्या मज्जेकडे जाते. या पेशींना पोसणारी गर्भातली जमीन संपते, म्हणून त्या हळूहळू नाहीशा होतात, असे मानले जाते. बहुतेक बाळांचे रक्त तीन महिन्यांच्या आत पूर्ववत होते.

केव्हा थांबायचे, केव्हा उपचार करायचे

टॅम असलेल्या अनेक बाळांना काहीच त्रास नसतो. ती दूध पितात, झोपतात, वजन धरतात. त्यांना औषध लागत नाही, फक्त लक्ष ठेवावे लागते. काहींचे यकृत आणि प्लीहा मात्र वाढतात, पोट फुगते, कावीळ उतरत नाही, अंगावर पुरळ येते, हृदयाभोवती किंवा फुप्फुसांभोवती पाणी साचते. पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील, बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा यकृताचे काम ढासळत असेल, तर जिवाला धोका असतो. अशा वेळी ‘सायटॅरबिन’ हे औषध अगदी कमी मात्रेत, थोडे दिवस दिले जाते. म्हणून उगाच घाई नको, तशीच ढिलाईही नको.

रक्तातला प्रत्येक बिघाड टॅमच असतो असेही नाही. या बाळांमध्ये पहिल्या काही दिवसांत प्लेटलेट कमी असणे किंवा लाल पेशी वाढून रक्त दाट होणे हे बरेचदा आढळते. नेमका फरक कळण्यासाठी यंत्राने केलेल्या सीबीसीवर न थांबता रक्ताची काचपट्टी तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे गरजेचे असते, कारण यंत्र ब्लास्टना दुसऱ्याच पेशी समजू शकते.

बरे झाले, तरी फाइल बंद नको

खरी मेख पुढे आहे. टॅम झालेल्या साधारण पाचांतल्या एका मुलाला वयाच्या चार वर्षांच्या आत खरा ल्युकेमिया होतो. मागे राहिलेल्या थोड्या पेशींमध्ये आणखी जनुकीय बदल साचत जातात आणि त्यातून तो उद्भवतो. अनेकदा त्याची पहिली चाहूल म्हणजे हळूहळू घटणाऱ्या प्लेटलेट. बाळ गुटगुटीत दिसते, म्हणून तपासणी टाळली जाते आणि ही चाहूल हुकते.

इथेच एक गैरसमज मुलांच्या जिवावर बेततो. ‘आधीच असे मूल, त्यात कॅन्सर, कशाला त्याचे हाल?’ असे म्हणून उपचार नाकारले जातात. वस्तुस्थिती उलटी आहे. डाउन सिंड्रोमच्या लहान मुलांमधला हा विशिष्ट ल्युकेमिया केमोथेरपीला फार चांगला प्रतिसाद देतो. इतर मुलांपेक्षा कमी मात्रेत औषधे देऊनही, योग्य केंद्रात उपचार मिळाल्यास दहातली आठहून अधिक मुले बरी होतात. कमी मात्रा म्हणजे दुय्यम उपचार नव्हे. या मुलांना औषधांचे दुष्परिणाम जास्त होतात, म्हणून ती विचारपूर्वक ठरवलेली असते.

पालकांनी लक्षात ठेवावे

• डाउन सिंड्रोमची शंका असेल, तर जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत सीबीसी आणि काचपट्टीची तपासणी झाली का, हे विचारा.

• टॅम झाला असेल, तर तो शब्द बाळाच्या लसीकरण कार्डावर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी माहिती हरवू नये.

• रक्त पूर्ववत झाल्यावरही बाळ चार वर्षांचे होईपर्यंत डॉक्टर सांगतील तशी, साधारण दर तीन महिन्यांनी सीबीसी करा.

• अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, लाल ठिपके, वाढता फिकेपणा किंवा वारंवार ताप दिसला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. पुढे कुठे जायचे, याची दिशा तिथे मिळू शकते.